कॉमिक कॉनमध्ये आता कॉमिक्स कमी आणि कॉस्प्लेच जास्त, असं का झालंय? खरे फॅन गेले कुठे?

तुमचा वैताग कळतोय आणि थोडा पटतोय पण, पण आधी जे पटत नाही ते सांगते. कॉस्प्लेवाले नंतर घुसले वगैरे काही नाही, ही आवडत्या पात्रासारखा वेश करायची हौस कॉमिक कॉनपेक्षा (म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यापेक्षा) वयाने मोठी आहे. १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये पहिलं वर्ल्ड सायन्स फिक्शन कन्व्हेन्शन भरलं तेव्हाच फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यातल्या माणसांसारखे कपडे घालून हजर होते, आणि दोघांचे कपडे शिवले होते मर्टलबाईंनी (नाव मात्र कितीतरी वर्षं अ‍ॅकरमनचंच जास्त झालं, पण तो वेगळाच विषय). पुढच्या वर्षी शिकागोला तर वेशभूषेचा कार्यक्रमच ठेवला. सॅन डिएगोचं कॉमिक कॉन सुरू झालं थेट १९७० मध्ये, तेव्हा जेमतेम ३०० माणसं आली होती आणि आता लाखाच्या वर येतात. कॉस्प्ले हा शब्द त्याहून नवा, जपानमध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ मध्ये एका मासिकात वापरला, पण शब्द नव्हता म्हणजे प्रकार नव्हता असं थोडंच आहे.

मग बदललं काय, तर माझ्या मते कॅमेरा. पूर्वी वेश करायचा तो स्टेजवर जायला, म्हणजे त्यात चालता यायला हवं, एखादा मिनिटाचा प्रवेश करता यायला हवा, समोरचा हसला पाहिजे. १९७२ च्या वर्ल्डकॉनला (म्हणजे त्याच वर्ल्ड सायन्स फिक्शन कन्व्हेन्शनला) एक व्यंगचित्रकार अंगाला पीनट बटर फासून आला होता आणि ते जिथे तिथे लागून असा गोंधळ झाला की पुढे पीनट बटर नको हा नियमच पडला. फोटोसाठी कोण असलं करेल? आता वेश होतो तो एका अँगलने तीन सेकंद भारी दिसण्यासाठी.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला म्हणत नाहीये, मी स्वतः तेच केलंय. माझं पहिलं चिलखत ईव्हीए फोमचं, म्हणजे हलक्या, लवचीक फोमच्या शीटचं होतं. फोमवर हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवली की वरची बारीक छिद्रं मिटतात आणि पृष्ठभाग एकदम तुकतुकीत होतो, मग गरम आहे तोवरच मांडीवर दाबून त्याला बाक द्यायचा. जोडताना दोन्ही कडांना गोंद लावून थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मगच कडा एकमेकींना भिडवायच्या, आणि एकदा भिडल्या की संपलं, वाकडं लागलं तर कापूनच काढायचं. मी खांदे दोनदा कापले. शेवटी इतके झकास झाले की फोटोत नजर हटत नव्हती, फक्त ते घालून मला बसता येत नव्हतं, दारातून आडवं होऊन जावं लागायचं आणि पाणी प्यायला मैत्रीण स्ट्रॉ धरून उभी. तीन तासांत निदान शंभर जणांनी फोटो काढले असतील, कॅरेक्टर कोणतं हे विचारलं फार तर चार जणांनी. काही जण तर न विचारता खांद्यावर हात टाकतात. न्यूयॉर्कच्या कॉनने २०१४ ला 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे मोठे बोर्ड लावले ते काही उगाच नाही. हा बदल मात्र मला शंभर टक्के चांगला वाटतो.

तुमची तक्रार खरी कुठे आहे सांगू का, आर्टिस्ट अ‍ॅलीत. तिथे माणूस स्वतः काढलेली चित्रं मांडून बसलेला असतो आणि बरोब्बर त्याच्या टेबलासमोर आम्ही पोज देऊन उभे, भोवती वीस मोबाईल, गिऱ्हाईक पोचणार कसं? मी पण उभी राहिलेय, नंतर लाज वाटली. आता फोटो हवा म्हटलं की भिंतीकडे सरकते.

आणि विकतचा वेश घातला म्हणजे खोटा फॅन, हे पण सोडा हो. स्पर्धेत जजेस शिवण आतून उलटून बघतात ते ठीक, बाकी हॉलमध्ये कोणी काय घालावं, प्रत्येकाला मशीन चालवता येते का?

आता खरे फॅन. त्या खांद्यांच्याच दिवशी एक पन्नाशीचे काका हातात जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर थांबले, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, पट्टा चुकलाय, सुरुवातीच्या अंकांत तो डाव्या खांद्यावरून होता. मी म्हटलं, काका मी फक्त सिनेमा बघितलाय. वाटलं आता बोलणी खाणार, तर त्यांनी गठ्ठ्यातून एक अंक काढून पान उघडून दाखवलं आणि आम्ही अर्धा तास तिथेच बोलत उभे (मी तर उभीच असणार म्हणा). घरी येऊन मी ते अंक शोधून वाचले.

पुढच्या कॉनला पट्टा डावीकडून घेतला. काका काही दिसले नाहीत, पण एक कॉलेजातली मुलगी धावत आली आणि म्हणाली, ताई, पट्टा उलट्या बाजूला आलाय, सिनेमात उजवीकडून असतो.