आर बसवताना: वाचकांचे प्रश्न

विंडोज ११ वर आर (आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा) बसवलं. पॅकेज, म्हणजे आरला जोडायचा तयार कोड, घेताना ते विचारतं, सोर्समधून कंपाइल करायचं का? ‘यस’ म्हटलं की एररच्या ओळीच ओळी येतात. (एम.एस्सी. कृषी, राहुरी)

‘नो’ म्हणा, काम होईल. क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या अधिकृत भांडारात, विंडोज आणि मॅकसाठी बहुतेक पॅकेजं दळून तयार असतात, ती बायनरी. सोर्स म्हणजे धान्य; ते दळायची गिरणी, म्हणजे आरटूल्स, विंडोजवर वेगळी बसवावी लागते. सोर्सची आवृत्ती बायनरीच्या थोडी पुढे गेली की हा प्रश्न येतो, आणि प्रबंधातल्या अनोव्हाला (गटांच्या सरासरींची तुलना) तेवढ्याने सहसा काही अडत नाही. आरटूल्स घ्यायचंच झालं तर आरशी जुळणारं घ्या: आर ४.४ ला ४४, ४.५ ला ४५.

उबुंटू लिनक्सवर नकाशांचं ‘एसएफ’ पॅकेज बसतच नाही. शेवटी ‘नॉन-झिरो एक्झिट स्टेटस’ येतं. (भूगोल संशोधक, कोल्हापूर)

त्या शेवटच्या ओळीत कारण नसतं, फक्त बसलं नाही एवढंच कळतं. वर सरकत जा, पहिला एरर शोधा. बहुधा ‘जीडाल-कॉन्फिग नॉट फाउंड’ दिसेल. लिनक्सला क्रॅन धान्यच देतं, आणि ‘एसएफ’ नकाशांचं काम जीडाल, जिऑस, प्रोज या लायब्रऱ्यांकडून करून घेतं. त्या आरमध्ये नाहीत, उबुंटूकडून घ्याव्या लागतात. ॲप्टने (उबुंटूची सॉफ्टवेअर बसवायची आज्ञा) लिबजीडाल-डेव्ह, लिबजिऑस-डेव्ह, लिबप्रोज-डेव्ह आणि लिबयूडीयुनिट्स२-डेव्ह बसवा. नावातलं ‘डेव्ह’ गाळू नका. कंपाइलला लागणाऱ्या हेडर फाइल्स त्यातच असतात. मग ‘एसएफ’ पुन्हा मागवा आणि चहा घेऊन या, दळायला वेळ लागतो.

गावांची नावं मराठीत आहेत. आरमध्ये ‘गाव’ऐवजी <यू+०९१७> असं काहीतरी दिसतं. डेटा गेला का? (सर्वेक्षक, नांदेड)

नाही, डेटा शाबूत आहे. ०९१७ हा ‘ग’चाच युनिकोड क्रमांक, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या क्रमांकांपैकी एक. विंडोजवरच्या जुन्या आरला तो दाखवता येत नव्हता. २०२२ मध्ये आलेल्या ४.२ पासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर आर यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीतच, चालतं. मराठीत डेटा भरणाऱ्यांसाठी मला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोलाचा बदल वाटतो. गावाचं नाव रोमनमध्ये लिहायची सक्ती गेली. नवीन आर टाका आणि पॅकेजंही नव्याने घ्या, कारण त्यांचं फोल्डर आवृत्तीगणिक बदलतं. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर मात्र नुकसान आधीच, एक्सेलमध्ये झालंय. मूळ फाइल उघडा आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून पुन्हा सेव्ह करा. तोवर मूळ फाइल पुसू नका.

एम२ मॅकला कुठलं आर घ्यायचं? (पुणे)

एआरएम६४ चं. एक्स८६ इंटेल मॅकसाठी आहे. तेही एम२ वर रोझेटातून (इंटेलचे प्रोग्राम चालवणारी ॲपलची सोय) चालेल, पण हळू.

लॅबमधला संगणक ३२ बिट विंडोजचा आहे. (सातारा)

त्यावर आर ४.१.३ पर्यंतच चालेल. मात्र क्रॅनवरची नवी पॅकेजं त्यावर अडतील. जमलं तर त्या कामासाठी दुसरा संगणक मागा.