व्हिटॅमिनच्या ड्रिपसाठी मेडिक्लेमचा हप्ता पुढे ढकलू का?

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या शाळेत क्लार्क, मिस्टर सायझिंगमध्ये (सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात), घर पूर्ण शाकाहारी. वर्षभर थकवा, हातापायांना मुंग्या. गल्लीतल्या क्लिनिकने दहा व्हिटॅमिन ड्रिपचं पॅकेज सुचवलंय: रोख 21,000, नाहीतर एका ॲपवरून दरमहा 2,000 चे बारा 'बिनव्याजी' हप्ते. क्लिनिकला 1,000 आगाऊ दिलेत. पुढच्या महिन्यात मेडिक्लेमचा 17,000 चा हप्ता आहे. "तेच पैसे ड्रिपला लावते आणि चार महिन्यांनी भिशी लागली की पॉलिसी पुन्हा घेते, चालेल का?"

ताई, पॉलिसी अजिबात तुटू देऊ नका. मिस्टरांना मधुमेह आहे आणि ही पॉलिसी तुम्ही चार वर्षं चालवली आहे. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते, म्हणजे तुमचा तो काळ सरला. आज त्यांना मधुमेहामुळे दवाखान्यात भरती करावं लागलं, तर 'आजार जुना होता' एवढ्यावरून क्लेम अडणार नाही. हप्त्याची तारीख गेली की वार्षिक पॉलिसीला साधारण 30 दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत संरक्षण नसतं. त्यानंतर चार महिन्यांनी जाल तेव्हा तुम्ही नवे ग्राहक. नवा फॉर्म, मधुमेह लिहिला की कदाचित वाढीव हप्ता किंवा सरळ नकार, आणि मिळालीच तर प्रतीक्षा पहिल्यापासून. चार वर्षं भरलेल्या पैशांनी मिळवलेला हा हक्क 17,000 पेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग हप्त्यांवर पॅकेज घ्यावं का? रोखीत 21,000 ची गोष्ट हप्त्यांत 24,000 ला पडत असेल, तर ती बिनव्याजी कशी? हिशोब केला तर वर्षाला साधारण 25 टक्के व्याज बसतं, फाइल चार्ज वेगळा. ॲपकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचा खर्च आणि अटी मांडलेला कागद, मागा. ते द्यावंच लागतं आणि त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. आणखी एक धोका आहे. कर्ज ॲपमागच्या कंपनीचं आणि ड्रिप क्लिनिकची. उद्या क्लिनिक बंद झालं किंवा दोन ड्रिपनंतर तुम्हाला त्रास झाला, तरी हप्ते खात्यातून कापले जात राहतील.

मुंग्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. बी12 ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते आणि अंगावर काढली तर नसांना कायमची इजा होऊ शकते. इथे पैसे वाचवू नका, फक्त योग्य क्रमाने खर्च करा. आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि बी12 व डी3 ची रक्ततपासणी करा. लॅबप्रमाणे एक ते अडीच हजार लागतील. तपासणी पहिल्या ड्रिपच्या आधी व्हायला हवी, कारण बी12 शरीरात टोचून घेतल्यावर रक्तातला आकडा वर जातो आणि मूळची कमतरता कळत नाही. तुम्ही पाठवलेल्या पॅकेजच्या फोटोत दहा ड्रिपच्या तारखासुद्धा पडल्या आहेत, पण रिपोर्टचा उल्लेख कुठेच नाही. रक्त न तपासता दहाचा आकडा ठरतोच कसा, हे मला खटकलं.

रिपोर्ट कमी आला तर गोळ्या की इंजेक्शन, हे डॉक्टर ठरवतील. आकडा फारच खाली असेल, नसांचा त्रास असेल किंवा पोटातून शोषणच होत नसेल, तर इंजेक्शन खरंच लागतं. त्याची कुपी बहुधा शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते, वर टोचण्याची फी. डी3 साठी आठवड्याला एक 60,000 युनिटची कॅप्सूल काही आठवडे देतात, तीही स्वस्त असते. पूर्ण कोर्स पॅकेजच्या पाव किमतीतही बसावा. ज्याची कमतरताच नाही ते पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डी मात्र शरीरात साठतं आणि अती झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, म्हणून तेही मनाने घ्यायचं नाही.

मिस्टर मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी12 कमी होऊ शकतं. त्यांचीही तपासणी याच फेरीत करून घ्या.

हा खर्च मेडिक्लेममधून मिळेल असं धरू नका, भरती न होता घेतलेली जीवनसत्त्वं सहसा वगळलेली असतात. तपासणी आणि औषधांसाठी 5,000 बाजूला ठेवा, ते दोन पगारांतून निघतील. प्रत्येक वेळचे पैसे त्या त्या वेळी द्या आणि पावती घ्या.

क्लिनिकला दिलेले 1,000 आगाऊ परत मागा. नाही मिळाले तरी ते वसूल करण्यासाठी उरलेले 20,000 भरू नका. ॲपवर ओटीपी दिला असेल तर आजच करार उघडून 'कूलिंग-ऑफ', म्हणजे कर्ज मागे घेण्याचा काळ, किती दिवसांचा आहे ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो किमान एक दिवसाचा असतो. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं, फार तर प्रोसेसिंग फी जाईल. कर्जाची रक्कम थेट क्लिनिकला गेली असेल, तर ती परत करायला त्यांना लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.