गाणारा पाय आणि नवी सिस्टीम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आहे, वर आयटूएस डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनलॉग आवाज करणारा), त्यात एमपीडी (गाणी वाजवणारा प्रोग्राम), सिस्टीम बस्टर ही जुनी आवृत्ती. बरीच वर्षं बिनबोभाट चाललंय म्हणून हात लावला नव्हता. आता अपडेट मारलं तर रिपॉझिटरी (पॅकेजेस जिथून उतरतात ती जागा) सापडत नाही म्हणतो. मित्र म्हणतो सोर्सेस लिस्टमधे बस्टर खोडून बुकवर्म लिही आणि अपग्रेड सोड. करू का?

उत्तर: नका करू. डेबियनमधे (पायची सिस्टीम जिच्यावर बेतलीय ती लिनक्स) एका वेळी एकच पायरी चढायची असते, म्हणजे बस्टरवरून आधी बुलझाय आणि मग बुकवर्म, आणि रास्पबेरी पायवाले तर स्वतःच सांगतात की मोठ्या व्हर्जनवर जायचं तर कोरी इमेज (कार्डावर लिहायची तयार सिस्टीम) टाका. त्यातून बुकवर्ममधे बूट पार्टिशनची जागा, नेटवर्कची यंत्रणा असं बरंच काही मुळातून बदललंय, त्यामुळे जागेवरच केलेलं अपग्रेड अर्धवट अडकलं तर गाणी राहिली बाजूला, बोर्ड सुरू होतो का तेच बघत बसाल.

सरळ एक नवीन कार्ड घ्या, लाइट व्हर्जन (डेस्कटॉप नसलेलं) टाका, जुनं कार्ड जसंच्या तसं बाजूला ठेवा. नवीन जमलं नाही तर जुनं परत घातलं की गाणी सुरू, यापेक्षा चांगला बॅकअप नाही. कार्ड इमेजरनेच (रास्पबेरी पायवाल्यांचा कार्ड लिहायचा प्रोग्राम) लिहा आणि युजर, पासवर्ड, वायफाय, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरायची सोय) सगळं तिथेच भरा, कारण २०२२ पासून पाय नावाचा तयार युजर मिळत नाही आणि बूटमधे वायफायची फाइल टाकायची जुनी युक्ती बुकवर्मपासून चालत नाही.

जुन्या कार्डावरून एमपीडीची कॉन्फिग आणि प्लेलिस्ट आणा, डेटाबेस नका आणू, तो नव्याने स्कॅन होऊ दे. गाणी यूएसबी डिस्कवर असतील तर ती एमपीडीच्या युजरला वाचता येतायत ना तेही बघा, लायब्ररी रिकामी दिसते तेव्हा बरेचदा हेच असतं.

आता खरी गोम. डॅकसाठी डीटीओव्हरलेची ओळ (कुठलं हार्डवेअर जोडलंय ते सिस्टीमला सांगणारी) तुम्ही ज्या कॉन्फिग फाइलमधे लिहायचा ती आता बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमधे गेलीय. जुन्या जागी त्याच नावाची फाइल दिसते पण तिच्यात फक्त 'इथे काही बदलू नका, फाइल हलवलीय' एवढंच लिहिलेलं असतं, आणि लोक ते न वाचताच खाली ओळ चिकटवतात आणि मग डॅक उडाला म्हणून नवीन शोधायला लागतात. जुनी अख्खी फाइल पण कॉपी करू नका, आपली ओळ तेवढी उचला.

तरी आवाज नाही आला तर खालून वर तपासत जा. एप्ले या कमांडला डॅश एल देऊन साउंड कार्डांची यादी काढा, त्यात डॅक नसेल तर दोष ओव्हरलेचा किंवा पिनांचा, एमपीडीला शिव्या घालून उपयोग नाही. यादीत असेल तर स्पीकर-टेस्ट ही कमांड चालवा, मग अल्सामिक्सर (आवाजाची पातळी बघायचा प्रोग्राम) उघडून चॅनल म्यूट तर नाही ना बघा. इथपर्यंत वाजलं तरच प्लेअरच्या सेटिंगला हात लावायचा.

प्रश्न: डेस्कटॉपवालं बुकवर्म टाकलंय, यूएसबी डॅक आहे. ब्राउझरमधून आवाज येतो पण एमपीडी म्हणतो डिव्हाइस बिझी. शिवाय ४४.१ किलोहर्ट्झची फाइल लावली तरी डॅकच्या डिस्प्लेवर ४८ दिसतं.

उत्तर: दोन्हीच्या मागे पाइपवायर आहे, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा आवाज गोळा करून डॅककडे पाठवणारा. बुकवर्मच्या डेस्कटॉपमधे पल्सऑडिओच्या जागी तो आला. तो लॉगिन केलेल्या युजरच्या नावाने चालतो, एमपीडी मात्र स्वतःच्या वेगळ्या युजरखाली, आणि डॅक एका वेळी एकाच्याच हातात जातो. फक्त गाणीच ऐकायची असतील तर डेस्कटॉप काढून लाइट टाका, माझं मत तर सरळ हेच आहे, गाणी वाजवायच्या डब्यात खिडक्या आणि वॉलपेपर कशाला हवेत. डेस्कटॉप हवाच असेल तर एमपीडी तुमच्याच युजरखाली चालवा आणि आउटपुट पाइपवायर ठेवा.

४८ चं म्हणाल तर पाइपवायरचा डीफॉल्ट रेट ४८००० आहे, त्यामुळे तो ४४.१ ला रीसॅम्पल करतो, म्हणजे ४८ मधे बदलतो. त्याच्या कॉन्फिगमधे अलाउड-रेट्स म्हणून सेटिंग आहे, त्यात ४४१०० पण घाला. गाणं चालू असताना प्रॉकमधल्या एसाउंड फोल्डरात कार्डाच्या आत एचडब्ल्यू-पॅरॅम्स फाइल वाचली की खरा रेट समजतो. कानाला फरक पडेल असं मला काही वाटत नाही, पण डिस्प्लेवर ४८ बघून झोप लागत नसेल तर करून टाका.

प्रश्न: रीस्टार्ट केलं की कधी कधी आवाज एचडीएमआयवर जातो, परत रीस्टार्ट केला की ठीक. असं का?

उत्तर: तुम्ही प्लेअरमधे कार्डाचा नंबर लिहिलाय. नंबर ज्या क्रमाने ड्रायव्हर उठतील तसे पडतात. एप्लेच्या यादीत कार्डाचं नाव पण दिसतं, ते लिहा. एचडीएमआयचा आवाज लागतच नसेल तर कॉन्फिग फाइलमधे व्हीसी४ च्या (पायच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या) ओव्हरलेपुढे नोऑडिओ जोडा, म्हणजे ते कार्डच येणार नाही.

प्रश्न: आवाज कमी-जास्त करायला बटणं लावलीत, त्यांची पायथन स्क्रिप्ट नवीन सिस्टीमवर चालेना. पिप (पायथनची पॅकेजेस घालणारा प्रोग्राम) काही इन्स्टॉलच होऊ देत नाही.

उत्तर: बुकवर्मपासून सिस्टीमच्या पायथनमधे पिप थेट काही घालू देत नाही. जीपीआयओ-झीरो (पायच्या पिना वापरायची पायथन लायब्ररी) एपीटीने, म्हणजे सिस्टीमच्याच इन्स्टॉलरने मिळतं ते घ्या, बाकीच्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचा वेगळा कप्पा) बनवा. ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेसचा फ्लॅग देऊन पुढे रेटू नका, त्याच्या नावातच सगळं आलं. आणि स्क्रिप्ट जुन्या सिसएफएस पद्धतीची (पिना फाइलींसारख्या वाचणारी) असेल तर ६.६ कर्नलपासून जीपीआयओ पिनांचे नंबर बदललेत, पाय ३ आणि ४ वर जीपीआयओ १७ चा ५२९ झालाय.

प्रश्न: पहिल्या पाय झीरोवर ६४ बिट टाकता येईल का?

उत्तर: नाही, त्याचा प्रोसेसर ३२ बिटच आहे. झीरो २ वर जमतं. पण नुसत्या गाण्यांसाठी ३२ बिट लाइट भरपूर झालं, इमेजरमधे बोर्ड नीट निवडा, तो चालणाऱ्याच इमेज दाखवतो.