अमेरिकेत भाजीपाला पिकावर बुरशीनाशकाला मिळालेली आपत्कालीन परवानगी म्हणजे कायमची नोंदणी का? ती इतर राज्यांत चालते का?

नाही, ही परवानगी कायमची नोंदणी ठरत नाही आणि ज्या राज्याला ती मिळाली त्याच्या हद्दीबाहेर तिचा आधार घेऊन फवारणी करता येत नाही. कीटकनाशकांविषयीच्या संघीय कायद्याच्या कलम १८ नुसार राज्याची सक्षम यंत्रणा पर्यावरण संरक्षण संस्थेकडे (ईपीए) अर्ज करते; नेहमीपेक्षा वेगळी व तातडीची परिस्थिती उद्भवली आहे, नोंदणीकृत औषधे किंवा मशागतीचे उपाय पुरेसे पडत नाहीत आणि मोठे आर्थिक नुकसान संभवते, हे तिला दाखवून द्यावे लागते. १९९० च्या दशकात मेटॅलॅक्सिल या बुरशीनाशकाला दाद न देणारा उशिराचा करपा बटाट्यावर पसरला, तेव्हा सायमोक्झॅनिल, डायमेथोमॉर्फ आणि प्रोपामोकार्ब या बुरशीनाशकांना याच वाटेने परवानगी मिळाली होती. थंड, दमट हवेत हा रोग काही दिवसांत सबंध शेत झोपवतो, त्यामुळे नोंदणीची वाट पाहण्याइतका अवधी शेतकऱ्याच्या हाती नसतो. अशी विशिष्ट परवानगी जास्तीत जास्त एक वर्षाची असते. ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की १९९६ च्या अन्न गुणवत्ता संरक्षण कायद्यापासून अशा वापरासाठी मालातील औषधाच्या अंशाची ठरावीक मुदतीपुरती कमाल मर्यादाही ठरवावी लागते. मात्र अर्जाच्या निर्णयाइतकाही वेळ नसेल, तर राज्य स्वतःच्या अधिकारात संस्थेला कळवून सामान्यतः १५ दिवसांपर्यंत वापर सुरू करू शकते.