उबंटू टाकल्यावर मेनूत विंडोज येत नसेल तर

तुम्ही लिहिलंय की इंदूरला जेल रोडवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, आता मेनू न येता सरळ उबंटूच उघडतं, बाबांना टॅलीसाठी विंडोज हवंय आणि दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारना पड़ेगा, भैया.’ अजिबात मारू नका. तुम्ही पार्टिशन पुसलं नसेल तर विंडोज जागच्या जागी आहे, ग्रबने, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली सिस्टिम उघडायची त्याचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामने, ते शोधलेलंच नाही.

ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. डिस्कवर आपण एकटेच आहोत असं वाटलं की उबंटू मेनूही लपवतं.

आधी /सिस/फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघा. नसेल तर उबंटू लेगसी मोडमध्ये, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या जुन्या बायोस पद्धतीने, बसलंय. विंडोज यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीवर, असेल तर मग पुढची खटपट व्यर्थ, ग्रब यूईएफआय मोडमध्येच नव्याने बसवावा लागेल.

फोल्डर असेल तर टर्मिनलमध्ये सुडो नॅनोने (अॅडमिनच्या हक्काने चालवलेला साधा एडिटर) /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडा. ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ बहुधा # लावून आधीच असते; तो # काढा, ओळच नसेल तर लिहा. ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट=१०’ करा. अर्थात इंग्रजीत, डावीकडचं सगळं कॅपिटलमध्ये. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका; ही फाइल शेल वाचतं, जागा दिसली की डावीकडचं नाव कमांड समजून ‘नॉट फाउंड’ म्हणतं.

मग टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ आली की जिंकलात. ‘ओएस-प्रोबर विल नॉट बी एक्झिक्यूटेड’ आलं तर # राहिलाय किंवा स्पेलिंग चुकलंय.

बाबांसाठी ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू’ सुद्धा त्याच फाइलमध्ये टाका आणि पुन्हा अपडेट-ग्रब चालवा. शेवटी निवडलेली सिस्टिम पुढच्या वेळी आपोआप उघडते. नाहीतर विंडोजचं अपडेट मध्येच रीस्टार्ट घेतं आणि मशीन उबंटूत जाऊन बसतं. /बूट/ग्रबमधल्या ग्रब.सीएफजीला मात्र हात लावू नका, कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला की ती फाइल नव्याने लिहिली जाते.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरीला दोष देऊ नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबंटूत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ द्या.