एफडीला हप्ता कसा असतो?

प्रश्न : वय ४४. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, पगार ५५ हजार, घर खानापूरला, दोन मुलं शाळेत. दुसऱ्या महायुद्धात पितळेच्या टंचाईमुळे प्लॅस्टिकमध्ये, जस्तात काढलेले फौजी बिल्ले आणि पिना जमवतो. एकाकडे सत्तर नगांचा संग्रह तीन लाखांना मिळतोय. पाच वर्षांत चौपट होईल म्हणतो. माझी बँकेतली एफडी मोडता येत नाही, तिचे दहापैकी अजून सात हप्ते राहिलेत (वर्षाला १ लाख २० हजार, विसाव्या वर्षी २१ लाख मिळणार, वर १२ लाखांचा विमा फुकट). म्हणून बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवून महिना एक टक्क्यानं कर्ज घेऊ का?

उत्तर : नाही. पाटल्या कपाटातच राहू द्या.

हिशोब सोपा आहे. तीन लाखांवर महिन्याला तीन हजार, म्हणजे पाच वर्षांत १ लाख ८० हजार व्याज. एकूण गेले ४ लाख ८०. असा माल विकायला गेलात की दुकानदार त्याच्या विक्रीच्या दराच्या निम्मे देतो, तेही त्याला गरज असली तर. म्हणजे दुकानातला भाव साडेनऊ लाखांवर गेला तर तुमची नुसती मुद्दल आणि व्याज सुटणार. चौपट होणार याची एवढी खात्री असेल तर तो आज का विकतोय?

मालाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, धातू तुम्ही रोज ओतता. पितळ काडतुसांच्या पुंगळ्यांना लागायचं, म्हणून ब्रिटननं टोप्यांवरचे बिल्ले प्लॅस्टिकमध्ये काढले. जर्मनांची पदकं आधी तांबं-जस्ताच्या चांगल्या मिश्रधातूत असायची, पुढे नुसत्या जस्तात आली आणि त्यांचा मुलामा उडून ती करडी पडली. अमेरिकेत तर तांब्या-पितळेवर निर्बंध आले तेव्हा कित्येक बिल्ले चक्क चांदीत निघाले! आपल्याकडचा १९४३चा भोकाचा पैसा त्याच टंचाईतला. हे सगळं वाचायला, हातात धरायला मलाही आवडतं. पण जे टंचाईत स्वस्तात साच्यातून निघालं, ते आजही स्वस्तात साच्यातून निघतं. जस्ताची नक्कल तुमच्याच खात्यातला पोरगा दुपारच्या सुट्टीत ओतून देईल. शिवाय प्लॅस्टिकचे बिल्ले मुख्यतः ब्रिटिश रेजिमेंटांसाठी होते. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचा म्हणून त्यात एखादा दाखवून बेळगावकराकडून जादा पैसे काढायचा विकणाऱ्याचा विचार असेल, तर तो बिल्ला कुठून आला हे आधी लेखी मागा. हौसेला महिन्याला हजार-दोन हजार बाजूला टाका, एकेक नग घ्या.

पिनांचं एवढंच. आता ती एफडी.

एफडीला हप्ता नसतो हो. पैसे एकदा ठेवायचे आणि लागले तर थोडं व्याज सोडून मोडायचे. तुमच्या हातात आहे ती विम्याची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकात बांधलेली. विकणारी व्यक्ती बँकेच्या टेबलाशी बसली होती, बोलणं मराठीत झालं, कागद इंग्रजीत होता आणि सही तुमची. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की आता राग यायचाही कंटाळा आलाय.

दहा वर्षांत बारा लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २१ लाख घ्यायचे, यात साडेतीन-पावणेचार टक्के पडतात. हेच हप्ते पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले असते तर पस्तीस लाखांच्या आसपास झाले असते. 'फुकट' विमा तुम्हाला चौदा लाखांना पडतोय.

आणि तो विमा तरी केवढा? घरखर्च महिना चाळीस हजार धरला तर बारा लाख अडीच वर्षं पुरतील. मोठा मुलगा दहावी होईपर्यंत. तुम्ही भट्टीपाशी काम करता. पत्रात टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याचा, शब्दही नाही, म्हणजे नसणारच. एक कोटीचा, साठीपर्यंतचा टर्म प्लॅन प्रकृती ठीक असेल तर वर्षाला साधारण वीस-पंचवीस हजारांत बसतो. आधी तो घ्या. तो हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका.

मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या : आज बंद केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून 'पेड-अप' केली तर शेवटी किती. तीन हप्ते, म्हणजे ३ लाख ६० हजार भरलेत. त्यातले काही बुडणार, त्याला इलाज नाही. पण ते वसूल करायला आणखी ८ लाख ४० हजार भरलेत तर त्या नव्या पैशालाही साधारण चार-पाचच टक्के मिळतील. बहुधा पेड-अप बरं पडेल. उरलेल्या हप्त्यातून टर्मचा हप्ता जाऊन वर्षाला लाखभर वाचतील, ते पीपीएफमध्ये टाका.

फसवून विकली अशी तक्रार कंपनीकडे जरूर करा. दाद मिळाली नाही तर बंगळूरला विमा लोकपाल आहेत. पण पॉलिसी परत करायची सुरुवातीची मुदत कधीच गेली आणि तीन वर्षांनी तोंडी आश्वासन सिद्ध करणं कठीण आहे, तेव्हा त्या पैशांवर बेत आखू नका.

बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, शोधा आणि पहिल्या दोन पानांचे फोटो पाठवा. पिनांचे नंतर बघू.