‘घणाघाती’ हा शब्द बातम्यांत टीकेलाही आणि फलंदाजीलाही कसा चालतो?

कारण या शब्दात विषय नाही, क्रिया आहे. घण म्हणजे लोहाराचा जड हातोडा, आघात म्हणजे प्रहार. जिथे जोराचा प्रहार दिसतो, तिथे पत्रकार हा शब्द उचलतो. राजकारणाच्या पानावर ‘घणाघाती टीका’, क्रीडा पानावर ‘घणाघाती फलंदाजी’.

खेळात तो मला चपखल वाटतो. बॅट चेंडूवर खरोखरच आदळते, आवाजही येतो. भाषणात मात्र तो जपून वापरावा. लोहार तापलेल्या लोखंडावर, एकाच जागी, पुन्हा पुन्हा घाव घालतो. वक्त्याने एकच मुद्दा धरून, पुराव्यावर पुरावा देत समोरच्याला निरुत्तर केलं, तर ती टीका घणाघाती. एका वाक्याचा टोमणा घणाघाती कसा होईल? त्यासाठी टोला आहे, चिमटा आहे, कानपिचक्या आहेत. (टोला तर विटीदांडूतही मारतात!) इतके नेमके शब्द हाताशी असताना मथळ्यात दरवेळी घणच का उचलायचा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘तुफान’चा संचार तर याहून मोठा: तुफान पाऊस, तुफान गर्दी, तुफान दगडफेक, तुफान प्रतिसाद. ‘दणदणीत’ विजयालाही लागतो, पराभवालाही.

लिहिताना मी एक करतो. विशेषण झाकून बातमी वाचतो. खालच्या मजकुरात घाव दिसले, तरच ‘घणाघाती’ ठेवतो. नाहीतर नुसतं ‘टीका केली’ पुरतं.